कोपऱ्यावरची संथा

“बाबा, इथे कोण राहतं?” स्पृहाने विचारलं, तेव्हा कुठे यज्ञेश्वरला कळलं की आपण थांबलोय. उजव्या हातात मंडईची पिशवी होती, तिच्यातून मेथीची जुडी डोकावत होती. डाव्या हातात सहा वर्षांच्या मुलीचा घामेजलेला हात होता. आणि समोर एक दार होतं. हिरवं, बंद, खालच्या बाजूला रंग उडालेलं. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या बायकांनी बसल्या जागेवरून एकमेकींना मीठ द्यावं. मार्चमधली शनिवारची दुपार होती, साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, सकाळची शाळा सुटून फार वेळ झाला नव्हता. शाळेतून मंडई आणि मंडईतून कसब्यातलं घर, एवढाच त्याचा शनिवारचा रस्ता. गेल्या जूनपासून तो हा रस्ता चालत होता आणि एकदाही चुकला नव्हता. आज मात्र तो इथे होता, आणि कुठल्या कोपऱ्यावर वळलो, वाटेत पोरगी काही बोलली का, यातलं काही म्हणजे काही त्याला आठवत नव्हतं. हे दारही त्याला आठवत नव्हतं. पण पायांना ठाऊक होतं. पाय बरोबर त्या पायरीसमोर येऊन थांबले होते, पायरीला गेलेला तडा चुकवून, रोज येणारा माणूस चुकवतो तसा. आणि मग ज्या गोष्टीने त्याची खरी गाळण उडाली ती गोष्ट झाली: त्याच्या जिभेखाली पाणी सुटलं.

“कोणी नाही,” तो म्हणाला. “चल, चल लवकर.”

“मग आपण का आलो?”

“चुकलो.”

“तू रस्ता चुकलास? आपल्याच गावात?” स्पृहाला याची भलतीच गंमत वाटली. “आईला सांगते आता!”

सांगणारच होती ती. सहा वर्षांचं पोर आईला सांगणार नाही तर काय वर्तमानपत्रात देणार? यज्ञेश्वर तिला जवळजवळ ओढतच गल्लीबाहेर आला. कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, त्याला लागून उदबत्तीवाला. इथून सरळ गेलं की घर. इथूनच आपण डावीकडे वळलो असणार. उन्हात उभं राहून त्याने कपाळ पुसलं आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो सोमवारचा. दुसरा विचार आला सांगलीचा. तिसरा त्याने येऊच दिला नाही.

सोमवारी संध्याकाळपर्यंत पद्मजाला, म्हणजे त्याच्या बायकोला, कंपनीत उत्तर द्यायचं होतं. सेनापती बापट रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती होती. सगळ्या जगातल्या विमा कंपन्यांना आणि बँकांना त्या वर्षी एकाच भीतीने पछाडलं होतं, की दोन हजार साल उजाडलं की आपली यंत्रं खुळ्यासारखी वागतील. ती भीती निस्तरायला पुण्यातली पोरंपोरी भराभर विमानात बसत होती. पद्मजाला चार महिने ओहायोला जायचं होतं. अशी संधी पुन्हा यायची नाही, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. प्रश्न एकच होता: स्पृहा कोणाकडे? पद्मजाच्या आई, सुशीलाबाई, सांगलीला असायच्या. गुडघ्यांमुळे त्यांना पुण्यातले जिने जमत नसत, पण नातीला तिकडे न्यायला त्या एका पायावर तयार होत्या. शाळासुद्धा बघून ठेवली होती. नाहीतर मग स्पृहा बापाकडे राहणार, एकट्या बापाकडे. सांगलीला गेली तर चार महिन्यांनी परत येईल हे खरं, पण येईल ती पाहुण्याकडे बघावं तशी आपल्याकडे बघत येईल, असं यज्ञेश्वरला वाटे. एकदा का सगळ्यांनी मिळून ठरवलं की या माणसाकडे मूल ठेवता येत नाही, की मग ते मुलालाही कळतं. तेवढं त्याला नको होतं. बाकी आयुष्याने त्याच्याकडून पुष्कळ काढून घेतलं होतं आणि त्याबद्दल त्याची फारशी कुरकुर नव्हती, कारण काय काय काढून घेतलं तेच मुळी त्याला आठवत नसे.

तो कसब्यातल्या वेदमूर्ती गोपाळकृष्णांचा, म्हणजे नानांचा, एकुलता एक मुलगा. नानांकडे पहाटे वेदाची संथा चाले. नानांनी एकदा म्हणायचं, पोरांनी दोनदा, पुन्हा नानांनी, पुन्हा पोरांनी. स्वर खाली गेला की नाना हाताने पोराची मान खाली दाबायचे, वर गेला की वर. यज्ञेश्वरची मान त्या हाताखालीच वाढली. बारावीला उत्तम मार्क पडले आणि तो इंजिनिअरिंगला गेला. दुसऱ्या वर्षाला सलिल नावाच्या मित्राने चमकी कागदावर गर्द ठेवून, खालून काडी लावून, धूर कसा ओढायचा ते दाखवलं. सलिल दोनदा ओढून शहाणा झाला आणि पुढे न्यू जर्सीला गेला. यज्ञेश्वर तिथेच राहिला. यात दोष कोणाचा यावर कसब्यात बरीच वर्षं चर्चा झाली, ती आपण सोडून देऊ. मग एका दुपारी कुठल्याशा पायरीवर तो निळा पडलेला सापडला, श्वास जवळजवळ थांबलेला. मेंदूला काही वेळ हवा मिळाली नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काय गेलं, काय राहिलं, ते हळूहळू कळेल म्हणाले. आणि कळलंच हळूहळू. त्या आधीची दोन-तीन वर्षं साफ धुऊन निघाली होती. नंतरचं जे येई ते टिकत नव्हतं; सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नसे. लहानपणचं मात्र जसंच्या तसं. नानांनी दिलेल्या संथेतलं अक्षर हललं नव्हतं. तो व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला आणि दोन महिन्यांनी नाना गेले. त्याने अग्नी दिला, सगळं यथासांग केलं, एका मंत्राला अडखळला नाही, असं लोक अजून कौतुकाने सांगतात. त्याला त्यातलं काहीही आठवत नाही. आई होती तोवर सांगायची, की नाना कुठेत असं तो रोज विचारायचा, रोज त्याला सांगावं लागायचं आणि रोज तो नव्याने रडायचा. आता रडू येत नाही. पण लोक ते कौतुक करायला लागले की त्याला वाटतं, दुसऱ्याच कोणाच्या तरी बापाबद्दल चाललंय, आणि त्याचा फार संताप होतो.

“बाबा, तू हात दाबतोयस.”

“अगं, सॉरी.” त्याने हात सैल केला, आणि दोन पावलांवर पुन्हा घट्ट केला. सरळ चल, सरळ. तांब्यापितळेची दुकानं, मग मारुती, मग गिरणी, मग घर. तांबं-मारुती, मारुती-तांबं, तांबं-मारुती-गिरणी, गिरणी-मारुती-तांबं, तांबं-मारुती-गिरणी. तो पुटपुटत होता आणि शेजारून जाणारा एक सायकलवाला वळून बघत होता. बघू दे. हा त्याचा धंदा जुना होता. डॉक्टरांनी त्याला चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या होत्या. चिठ्ठ्या कुठे ठेवल्या तेच आठवेना, तेव्हा तो उपाय संपला. मग एकदा मंडईत, मेथीच्या ढिगापुढे, आईने काय काय आणायला सांगितलंय ते मनातून निसटायला लागलं आणि घाबरून त्याने ते घनपाठात म्हटलं. म्हणजे ज्या रीतीने वैदिक लोक शब्द पुढून मागून गुंफत म्हणतात, की एकही हरवू नये, त्या रीतीने: मेथी-कांदे, कांदे-मेथी, मेथी-कांदे-आलं, आलं-कांदे-मेथी, मेथी-कांदे-आलं. आणि राहिलं की! घरी जाईपर्यंत राहिलं, दुसऱ्या दिवशीही राहिलं. वेदाची रीत कांद्याला लावली म्हणून नानांनी कानाखाली जाळ काढला असता, यात शंका नाही. पण रीतीला कांदा काय आणि ऋचा काय, ती दोघांनाही धरून ठेवते. त्या रीतीवर त्याने पुढचं सगळं आयुष्य उभं केलं. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तो नोकरीला लागला तो तिच्यावर. कुठली प्रत कोणाची, बाइंडिंग कोणाचं, सगळं तो पुटपुटत ठेवी. गिऱ्हाइकांना वाटे, माणूस धार्मिक आहे.

आणि पद्मजा? ती प्रोजेक्टचं बाइंडिंग करायला आली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली तेव्हा त्याने तिला ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्यांदा ती काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, “नमस्कार. मी पद्मजा. कालही पद्मजाच होते.” तो इतका ओशाळला की त्याने तिला सगळं सांगून टाकलं, गर्दापासून नानांपर्यंत, उभ्या उभ्या, मागे रांग लागलेली असताना. ती ऐकून घेऊन म्हणाली, “एवढं सगळं सांगितलंत, आणि उद्या विसरणार की सांगितलं होतं. मग मी उद्या पुन्हा ऐकायचं का?” तिच्या बोलण्यात असा चिमटा कायमचा. त्या रात्री त्याने तिचं नाव घातलं मधे आणि पुढे मागे दुकान, पाऊस, निळी ओढणी असं जे हाताला लागलं ते गुंफत राहिला. पाचव्या दिवशी तो तिला नावाने हाक मारून मोकळा झाला. तिच्या घरी लग्नावरून काय झालं ते विचारू नका. पण आठ वर्षं झाली, संसार चालला होता, आणि सुशीलाबाईसुद्धा त्याला आता जावईबापू म्हणत होत्या.

घरी आल्यावर त्याने भाजी निवडली, स्पृहाला वरणभात घातला, आणि ती झोपल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभा राहिला. वाडा पाडून झालेल्या इमारतीतल्या दोन खोल्या. खिडकीतून बिल्डरने ठेवलेलं एकुलतं एक झाड दिसे. सांगू नये का? स्पृहा सांगेल, बाबा रस्ता चुकला. पद्मजा हसेल, म्हणेल, बरं झालं घर तरी सापडलं. कुठला रस्ता ते स्पृहाला काय माहीत. एक दार, हिरवं. पुण्यात हिरवी दारं थोडी का आहेत? इतकं सोपं होतं ते. पण जिभेखाली सुटलेलं पाणी आठवलं आणि तो दचकला, की हे बरं आठवतंय! अकरा वर्षांत ज्याला हात लावला नाही, ज्याची चव सांगता येत नाही, ते शरीराने आपल्याला न विचारता जपून ठेवलंय. नाना गेले ते ठेवलं नाही, आणि हे ठेवलं. त्याला एवढा राग आला की त्याने ओट्यावर मूठ आपटली. वाटी पडली. उठली नाही स्पृहा, नशीब.

आणि मूठ दुखत असताना त्याला ती सभा आठवली. दहा वर्षांचा असेल तो. मोठमोठे वैदिक समोर बसलेले आणि तो म्हणत होता. वेदात काही ओळी दोन ठिकाणी अगदी सारख्या येतात. तिथपर्यंत सगळं एक, पुढे मात्र वेगवेगळं. अशा ओळीवर बेसावध राहिलं की जीभ भलत्या वाटेला लागते, आणि आपण चुकलोय हेसुद्धा कळत नाही, कारण म्हणणं तर बिनचूक चाललेलं असतं. त्याचं तसंच झालं. तो दुसऱ्याच ठिकाणी पोचला, फिरून त्याच ओळीवर आला, पुन्हा तिकडेच गेला. म्हातारे मिशीत हसायला लागले. घरी येताना तो रडत होता. दुसऱ्या पहाटे नानांनी त्याला बरोबर त्या ओळीशी आणून उभा केला. त्याला वाटलं, आता बरोबर तेवढं घोकून घेतील. नाना म्हणाले, “नाही. आधी चुकलास ते म्हण.” तो म्हणाला. “आता बरोबर ते म्हण. आता पुन्हा चुकलेलं. ती वाट मिटवता येणार नाही बाळा, तीही वेदातलीच आहे. तिथे उभं राहायचं, दोन्ही म्हणायच्या, आणि मग आपल्याला हवी ती धरायची.” उजाडेपर्यंत ते तेच म्हणत बसले. पुन्हा तो तिथे कधी चुकला नाही.

म्हणजे अगदी हेच की! यज्ञेश्वर ओट्यापासून सरळ झाला. मंडई, हातात पिशवी, घड्याळवाला, उदबत्तीचा वास: इथवर सगळं सारखं. तेव्हाही आई त्याला मंडईतच पाठवायची, तेव्हाही पिशवी अशीच असायची. आणि मग ती डावी वाट. आजवर वाचलो ते नशिबाने, किंवा स्पृहा बडबडत होती म्हणून. आज ती पेप्सीकोला चोखत गप्प चालली होती आणि आपण बेसावध होतो. त्याला एकदम हसू आलं. छातीवरचं ओझं उतरलं असं नव्हे, पण ते नक्की कुठे आहे ते सापडलं होतं.

पद्मजा आली ती थकून. ती चपला काढायच्या आत स्पृहाने बातमी दिली. पद्मजा हसली आणि म्हणाली, “काय रे, पेशव्यांनी रस्ते बदलले का दुपारी?” त्याने स्पृहाला शेजारच्या काकूंकडे पाठवलं आणि दार लावून सगळं सांगितलं. गल्ली, पायरीचा तडा, तोंडाला सुटलेलं पाणी, सगळं. पद्मजाचं हसू मावळलं. ती पंख्याकडे बघत होती.

“हे तू मला का सांगितलंस?” ती शेवटी म्हणाली. “परवा उत्तर द्यायचंय मला. गप्प बसला असतास तर मी आनंदाने गेले असते.”

“म्हणूनच सांगितलं.”

“वा! म्हणजे आता मी जायचं तरी पंचाईत, नाही जायचं तरी पंचाईत.” तिचा आवाज चढला. “सहा वर्षांची पोर होती तुझ्या हातात, यज्ञेश! दार उघडलं असतं तर? आत कोणी असतं तर?”

“माहीत नाही.” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी आत गेलो नसतो असं शपथेवर सांगायला आवडलं असतं मला. पण मी तिथे होतो कुठे? पाय होते.”

मग त्याने तिला संथेचं सांगितलं, सारख्या ओळीचं, दोन्ही वाटा म्हणायचं. सुरुवातीला ती वैतागून ऐकत होती, मग मान वर करून ऐकायला लागली. “थांब,” ती म्हणाली. “एकोणीसशेचं शून्य-शून्य आणि दोन हजारचं शून्य-शून्य, शेवटचे दोन आकडे सारखे दिसतात आणि यंत्र एकोणीसशेला जाऊन बसतं. मी दिवसभर दुसरं काय निस्तरते? आमच्याकडेही ते आकडे पुसून चालत नाही. जिथे जिथे फाटा फुटतो तिथे जाऊन सांगावं लागतं, की बाबा, आलास इथवर, तर आता हे विचार आणि मग जा.” ती उठली, साडीचा पदर खोचला आणि कुकर लावायला गेली. आतून म्हणाली, “उद्या दाखव मला ते दार.”

रविवारी सकाळी ते तिघं मंडईत गेले. मेथी घेतली, गरज नसताना. पिशवी त्याच्या उजव्या हातात, स्पृहा डाव्या. कोपरा आला. पद्मजा घड्याळवाल्याच्या फळीला टेकून उभी राहिली आणि तो स्पृहाला घेऊन सरळ गेला, तांब्यापितळेच्या दुकानापर्यंत, आणि परत. मग डावीकडे, दारापर्यंत, आणि परत. मग सरळ. मग डावीकडे. मोठ्याने म्हणत: घड्याळ-तांबं, तांबं-घड्याळ, हे घर, घड्याळ-दार, दार-घड्याळ, हे ते. पहिल्यांदा डावीकडे वळताना पाठीला घाम फुटला होता, तोंड पुन्हा ओलं झालं होतं. त्याने ते होऊ दिलं. स्पृहाला हा खेळ इतका आवडला की ती त्याच्या आधी ओरडायला लागली. घड्याळवाल्याने डोळ्यावरचं भिंग काढून विचारलं, “काय हरवलंय का तुमचं?”

“हो,” पद्मजा म्हणाली. “सापडेपर्यंत चालू द्या.”

“दुकान एक वाजता बंद होतं,” तो म्हणाला आणि त्याने भिंग पुन्हा लावलं.

कितव्या तरी फेरीला ते हिरवं दार उघडलं. दारात एक ठेंगणी बाई, कोपरापर्यंत पीठ, हातात लाटणं. “काय पाहिजे हो? मघापासून बघतेय. काल पण येऊन उभे होतात. आमच्या दाराला सोनं लागलंय का?”

“काल चुकून आलो होतो,” तो म्हणाला. “आज मुद्दाम आलोय.”

बाईने त्याला नीट पाहिलं, खालून वर. “कळलं,” ती म्हणाली. आवाज थोडा खाली आला. “आम्ही यायच्या आधी इथे काय चालायचं ते सांगितलंय आम्हाला. अजून येतो एखादा. असाच उभा राहतो. मी हे दाखवते.” तिने लाटणं हलवलं. मग तिची नजर स्पृहावर गेली. “आणि पोरीला कशाला आणलंत?”

“तिला माहीत असावं म्हणून.” तो स्पृहाशेजारी उकिडवा बसला. “बाबा फार आजारी पडला होता ना, तो इथे. या पायरीवरच असणार. एक वाईट धूर ओढायचा बाबा, तो इथे मिळायचा. त्याच्यामुळेच बाबा विसरतो. कोणीतरी इथून उचलून नेलं मला.”

“कोणी?”

“माहीत नाही. आठवत नाही.”

स्पृहाने पायरीकडे पाहिलं, मग बाईच्या मागे, खोलीत. तिथे वर्तमानपत्रांवर पापड वाळत होते, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि एक मुलगी पंख्याखाली बसून लाट्या करत होती. “आता तिथे धूर आहे?” तिने विचारलं.

“उडदाचे पापड आहेत,” बाई म्हणाली. “लाटी खातेस?” आणि तेलात बुडवलेली एक लाटी तिने पोरीच्या हातावर ठेवली. यज्ञेश्वरला दुसरी. नको म्हणायच्या आत. त्याने ती तोंडात टाकली. तिखट, पापडखाराची, हिंगाची. तोंडाला पाणी सुटलं ते आता तिच्यासाठी सुटलं, आणि हे त्याला इतकं स्पष्ट कळलं की तो रस्त्याच्या मधोमध मोठ्याने हसला. पद्मजा कोपऱ्यावरून धावत आली, काय झालं म्हणून. तिलाही एक लाटी मिळाली.

संध्याकाळी सांगलीहून फोन आला. पद्मजा अंघोळीला गेली होती, त्याने घेतला. “जावईबापू, तुम्हीच आहात ते बरं झालं,” सुशीलाबाई म्हणाल्या. “स्पष्ट बोलते, रागावू नका. मला तुमच्याबद्दल वाईट वाटत नाही हो. आठ वर्षं बघतेय, तुम्ही किती सांभाळून राहता ते. पण पोर लहान आहे. तुमच्या भल्यासाठीच म्हणते, उगाच तुमच्या डोक्यावर भार कशाला? काही झालं तर तुम्हीच स्वतःला माफ करणार नाही.” प्रेमाने बोलल्या, म्हणूनच ते जास्त लागलं. कोणी शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. त्याने फक्त “पद्मजाला सांगतो” म्हटलं आणि रिसीव्हर ठेवला. अकरा वर्षं माणसं त्याला असंच सांगत आली होती: तू असा होतास, तू असं केलंस, तुला हे झेपणार नाही. आणि त्याला काही आठवत नाही म्हणून त्याने सगळ्यांचं खरं मानलं होतं. रात्रभर त्याला नीट झोप लागली नाही.

सोमवारी तो दुकानातून वेळेवर निघाला, शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. घंटा झाली, सारख्या गणवेशातली शंभर पोरं बाहेर सांडली, आणि त्यांतून स्पृहा त्याच्याकडे पळत आली. मंडईशी मेथीवाली ओरडली, “दादा, मेथी घिऊन जावा, लई ताजी हाय!” त्याने घेतली. ही तिसरी जुडी. कोपऱ्यावर तो थांबला. मुद्दाम थांबला. डावीकडे बघून मनात म्हणाला, हे ते. समोर बघून म्हणाला, हे घर. स्पृहा आपल्या कुठल्याशा मैत्रिणीबद्दल सांगत होती, तिचं नाव उत्कर्षा होतं आणि तिला दोन दात नव्हते. दोघं सरळ चालत राहिली. तो तिचं सगळं ऐकत होता, आणि उत्कर्षाचे दात, दाताची उत्कर्षा, असं गुंफत होता, म्हणजे रात्री स्पृहाने विचारलं तर सांगता यावं.

घरी पोचून कुलूप काढतो तोच फोन वाजायला लागला.

“मी बोलतेय,” पद्मजा म्हणाली. तिच्यामागे कोणीतरी इंग्रजीत बोलत होतं, छपाईयंत्राची घरघर येत होती. “आलात?”

“आलो.”

“मॅनेजर समोर बसलेत. आईचा आता इथेही फोन येऊन गेला. सकाळपासून डोकं भणभणतंय. मी काय ठरवायचं ते ठरवेन यज्ञेश, पण मला आता सगळ्यांचं ऐकायचं नाही. तुझं ऐकायचंय. काय सांगू त्यांना?”

यज्ञेश्वरच्या हातातली मेथी खाली ठेवायची राहून गेली होती. स्पृहा पंख्याखाली बूट भिरकावत होती. त्याला भीती वाटली, दारापुढे वाटली तशी. मागे काय काय घडलं, त्यातलं किती आपलं, किती लोकांनी सांगितलेलं, त्याला धड माहीत नव्हतं. पण या प्रश्नाचं उत्तर मागे कुठे नव्हतंच. ते त्याला आता, इथे, माहीत होतं.

“जा म्हणून सांग,” तो म्हणाला. “स्पृहा माझ्याकडे राहील.”

पद्मजाचा आवाज आला, बारीक, आणि तिच्या नेहमीच्या चिमट्याचा जेमतेम आव आणलेला. “आणि हे उद्या विसरलास तर?”

“मग उद्या परत विचार,” यज्ञेश्वर म्हणाला. “परत हेच सांगेन.”